नक्की कळवतो

प्रिय खटपट्या,

पोस्टाने पाकीट आलेलं पाहून तू ते आधी दोनदा उलटसुलट करशील, मग वरचं माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर ओळखशील आणि ताईला झालंय तरी काय असं म्हणशील. सही केल्याशिवाय हातात मिळणार नाही अशा पद्धतीने मी ते मुद्दाम पाठवलं आहे. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत महत्त्वाची कागदपत्रं आहेत का? मी म्हटलं, भावाला पत्र लिहिलंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाकिटात जिवंत बेडूक घालून पाठवतेय. मला आईबद्दल लिहायचं आहे. ते सरळ पहिल्या ओळीतच लिहिता आलं असतं, पण तसं एकदा करून पाहिलं आणि त्याचं जे झालं ते मला पुन्हा नको आहे. म्हणून तुझ्याकडे एकच मागणं आहे. कुठेतरी बस, आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत वाच. फोटो काढून फोनला सारांश काढायला लावू नकोस. माझं अक्षर त्याला लागायचं नाही, आणि लागलं तरी तो काहीतरी गोडच सांगेल.

माझं म्हणशील तर ठीक चाललं आहे. गुडघा दुखतो, पण ते तुला माहीत असेलच, कारण गेलं वर्षभर तू दर सोमवारी न चुकता त्याची चौकशी करतोस. वर्तमानपत्रात अजून तेच पान सांभाळते, ‘नवं तंत्र’. कंपन्यांकडून आलेल्या बातम्या माणसांच्या भाषेत आणायच्या, एवढंच काम. या आठवड्यात दात घासायच्या ब्रशची बातमी होती. तो तुम्हाला रोज गुण देतो आणि कमी पडले तर तुमच्या दंतवैद्याला चहाडी करतो. त्याच्या आदल्या आठवड्यात एक फ्रिज होता. त्यात नवी सुधारणा उतरत होती म्हणे, त्यामुळे तो दोन दिवस दारच उघडेना, आणि आतलं सगळं सडलं तेव्हा त्याने मालकाला कळवलं की दूध संपत आलंय. संपादकांना स्वतःच्याच वर्तमानपत्राच्या खात्यात शिरताना ‘मी यंत्र नाही’ हे सिद्ध करावं लागतं, चित्रातल्या शिड्या ओळखून. परवा ते तीनदा नापास झाले. मग मला हाक मारली, आणि मी त्यांच्या वतीने ते माणूस असल्याचं सिद्ध करून दिलं. पूल कोसळल्याची बातमी आम्ही टाकली तर खाली लोकांनी हजारभर लाल हृदयं लावली. का, ते विचारू नकोस. पहिली प्रतिक्रिया होती ‘पहिला!’, दुसरीत मला शिव्या होत्या आणि तिसरीत कुणीतरी वजन कमी करायची पावडर विकत होतं. मी रोज हे वाचते आणि रोज हसते. हसायचं सोडलं तर नोकरी सोडावी लागेल.

तुझ्या कंपनीच्या त्या फोनमधल्या मदतनीसाची बातमीही माझ्याच टेबलावर आली होती. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘नाती जपायची जबाबदारी आता आमच्यावर सोपवा’. तुमच्या जागी तुमच्याच शैलीत उत्तरं देतो, वाढदिवस विसरत नाही, फोनही तुमच्याच आवाजात घेतो, वगैरे. मी नेहमीसारखं नाक मुरडत लिहायला बसले खरी, पण माझा भाऊ ते बनवणाऱ्यांत आहे हे संपादकांना सांगताना कॉलर ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू? घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती तेव्हा शेजारणीच्या ब्लाऊजला हुक लावत होती. तिने दोऱ्याची गाठ दातांनी तोडली आणि म्हणाली, लहानपणी माझं शिवणाचं मशीन उघडून बसायचा, तेव्हाच मला वाटलं होतं हा काहीतरी करून दाखवणार. मशीन तू उघडलंस चारपाचदा, बंद कधीच केलं नाहीस, हे ती सोयीस्कर विसरली होती. मला मात्र आठवतं. गिऱ्हाईक दारात उभं, कपडे अर्धवट, जमिनीवर सगळे स्क्रू पसरलेले, आणि मध्ये तू मांडी घालून. ती तुला बडवायला हात उगारायची आणि तू वर न बघताच म्हणायचास, थांब ना आई, जमतंय. तुला खटपट्या हे नाव तिनेच दिलं, ओरडताना.

मागच्या खेपेला तू आलास तेव्हा तो मदतनीस तुझ्या फोनवर होता. कंपनीत सगळ्यांना आधी स्वतःवरच वापरून बघावा लागतो असं म्हणालास. जेवणाच्या टेबलावर तू आम्हाला त्याचे तीन कप्पे दाखवलेस: काम, मित्र आणि घरचे. कामाच्या कप्प्यात तो फक्त मसुदा करून देतो, पाठवतोस तू. मित्रांच्या कप्प्यात तुला विचारून पाठवतो. घरच्यांचा कप्पा मात्र पूर्ण त्याच्या हाती. मी विचारलं, घरचेच का? तू हसत म्हणालास, घरचे तक्रार करत नाहीत ना, चुकलं तरी सांभाळून घेतात. आईसुद्धा हसली. मीही हसले असेन. आम्हाला वाटलं, गंमत म्हणून दाखवतोयस, गेल्यावर बंद करशील. तू बंद केलं नाहीस, बहुधा विसरलास. तुझ्यावर रागावण्यासाठी मी हे लिहीत नाही, पण राग आला आहे हेही लपवत नाही.

कारण मग तू एकदम चांगला झालास, खटपट्या. आधी आठवड्याला एक अंगठा यायचा, तोही मीच तीनदा विचारल्यावर. आता रोज सकाळी आईला निरोप यायला लागला. झोप लागली का, गोळ्या घेतल्यास का, बाहेर थंडी आहे तर स्वेटर घाल. माझ्या वाढदिवसाला तर तू चार ओळी लिहिल्यास, पूर्णविरामासकट. त्या वाचून मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन रडले, आता सांगायलाही लाज वाटते. आई सगळ्या गल्लीला सांगत सुटली. नर्सबाई इंजेक्शन द्यायला आल्या की दंड पुढे करण्याआधी फोन पुढे करायची, बघा, माझ्या मुलाने काय लिहिलंय. नर्सबाई म्हणायच्या, नशीबवान आहात हो, माझा तर एका घरात राहून बोलत नाही.

संशय पहिल्यांदा तिला आला. मी दिवसभर याच असल्या गोष्टींच्या बातम्या करते, मला नाही आला. एके दिवशी म्हणाली, याला राग का येत नाही गं? तिने तुला कळवलं होतं की मोरी तुंबलीय. तू लिहिलंस, अरेरे, किती त्रास होत असेल तुला, लवकर ठीक होवो. आई म्हणाली, माझा मुलगा असता तर म्हणाला असता, प्लंबरला सांग ना, मला काय सांगतेस. मग तिने दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा कळवायला लावलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही वेळा तू तितक्याच मायेने हळहळलास, जणू मोरी पहिल्यांदाच तुंबत होती. चौथ्या दिवशी तिने मला लिहायला सांगितलं, पलंगाखाली हत्ती शिरलाय. मी म्हटलं, आई, काहीतरीच काय. ती म्हणाली, तू लिही. उत्तर आलं, अरे वा, मजाच आहे की! फोटो पाठव, आणि त्याची काळजी घे. ती इतकी हसली, इतकी हसली की खोकल्याची उबळ आली आणि मला पाणी आणायला धावावं लागलं. पाणी घेऊन आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही.

पुढे बरेच दिवस तिने फोनला हात लावला नाही. तेव्हाच तिची तब्येत उतरायला लागली होती. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. पायांवर सूज यायची, दोन उशांवरून तीन उशांवर गेली, बोलता बोलता दम लागायचा. यातलं प्रत्येक मी तुला लिहिलं आहे. तुझ्या प्रत्येक उत्तरात काळजी आहे, आणि एकातही प्रश्न नाही. मी फोन केले, तर तुझ्याच आवाजात कुणीतरी म्हणायचं, ताई, आत्ता जरा अडकलोय, तू सांग ना, मी ऐकतोय. पहिल्यांदा मी खरंच सगळं सांगितलं, पाच मिनिटं. शेवटी तो म्हणाला, छान वाटलं बोलून. तुझ्या कंपनीच्या नंबरावर फोन केला तर तिथे दुसरा कुणीतरी होता, त्याहून गोड. तुझ्या एखाद्या मित्राला गाठावं म्हटलं, तर लक्षात आलं की तुझ्या एकाही मित्राचं नाव मला माहीत नाही. यात माझंही चुकलंच असेल. पण एक सख्खा भाऊ, त्याच्यापर्यंत पोचायला वाट सापडेना, आणि त्याच वेळी तोच भाऊ दर सोमवारी माझ्या गुडघ्याची विचारपूस करतोय, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. संपादकांना सांगितलं तर म्हणाले, यावर लेख लिहा, चांगला वाचला जाईल.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. एका दुपारी मी लवकर घरी आले. दारात चप्पल काढताना आतून आईचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत होती, सावकाश, मध्ये थांबून श्वास घेत. मला वाटलं नर्सबाई असतील. आत गेले तर ती एकटीच, फोन उशीला टेकवून ठेवलेला, आणि ती त्याला जुन्या शर्टाची कॉलर उसवून उलटी कशी लावायची ते समजावून सांगत होती. मला पाहून चोरी पकडल्यासारखा तिने फोन पालथा घातला. मी म्हटलं, आई, तो नाहीये गं तो. ती म्हणाली, मला कळत नाही का? पण ऐकून घेतो बिचारा. दिवसभर मी घरात एकटी, भिंतीशी बोलू? माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. कारण मी सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सातला यायची, आणि आल्यावर माझाही फोन हातात असायचा, पानाच्या प्रतिक्रिया बघायला. मग रोज तेच सुरू झालं. तिने त्याला काय काय सांगितलं असेल देव जाणे. मला कधी न सांगितलेलंही सांगितलं असणार. तिच्या फोनमध्ये ते सगळे बोललेले निरोप आहेत, म्हणजे तुझ्या फोनमध्येही आहेत. मी त्यातले दोनच ऐकले. पुढचे ऐकायची हिंमत झाली नाही, आणि ते मला पाठवलेलेही नाहीत. एकात ती मध्येच थांबून विचारते, ऐकतोयस ना रे? खाली उत्तर आहे, हो आई, ऐकतोय. बोल.

मला त्याचा राग येतो आणि त्याचे उपकारही वाटतात. तुमच्या त्या यंत्राइतका वेळ तिच्याजवळ आपण दोघं मिळून बसलो नाही. असल्या यंत्रांवर मी इतकी वर्षं जी खवचट वाक्यं लिहीत आले, त्यातलं एकही इथे उपयोगाचं नाही. बातमीच्या शेवटी आम्ही नेहमी एक वाक्य टाकतो, आता पुढे काय होतं ते पाहायचं. पुढे काय झालं ते मी पाहिलं. शेवटच्या आठवड्यात तिला बोलायलाही कष्ट पडत होते. त्या दिवशी मी घरीच होते, तिच्या पायांना तेल लावत बसले होते. तिने फोन मागितला आणि त्याला म्हणाली, हे बघ, आतापर्यंत तुझ्याशी बोलले ते बोलले. आता एवढं एक काम कर. माझ्या मुलाला सांग, एकदा येऊन जा म्हणावं. रागावले नाहीये म्हणावं. आणि उत्तर आलं, नक्की कळवतो आई. मला म्हणाली, बघ, म्हणाला नक्की. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिने तुझी गादी उन्हात घालायला लावली, तुझ्या खोलीतली शिवणाची बोचकी हलवायला लावली. दारावर कुणी वाजवलं की डोळे उघडायची. एकदा दूधवाला होता, एकदा वीजमीटर बघणारा, एकदा नर्सबाई. नर्सबाईंना पाहून ती म्हणाली, तुम्ही होय, आणि पुन्हा डोळे मिटले. त्या माउलीला वाईट वाटलं. तो निरोप तुला पोचला का, खटपट्या? की दिवसाच्या शेवटी तुला एखादी ओळ दिसली, ‘आई: तब्येत आणि इतर गप्पा, उत्तर दिलं आहे’? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. पोचला असेल आणि तू आला नसशील, तर तेही सांग. पण मला वाटत नाही तसं. मशीन उघडायला बसायचास तो तू इतका वाईट नव्हतास.

तुझा पत्ता मला त्या खोक्यावर सापडला, ज्यातून तू आईला पाय दाबायचं यंत्र पाठवलं होतंस. यंत्र तिने एकदाच लावलं आणि गुदगुल्या होतात म्हणून ठेवून दिलं. खोक्यात मात्र रिळं ठेवायची. परवा ती रिळं काढताना बाजूला तुझा पत्ता दिसला आणि हे पत्र सुचलं. खटपट्या, आई गेली. मागच्या महिन्यात, सकाळी, मी चहा घेऊन आत गेले तेव्हा. वेदना झाल्या नसाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. मी तिथेच उभी राहून सगळ्यांत आधी तुला लिहिलं, अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. आई गेली, आत्ता, लगेच फोन कर. मी फोन खाली ठेवायच्या आत तुझं उत्तर आलं. ताई, तुझ्या आईबद्दल ऐकून खूप वाईट वाटलं. शब्द अपुरे आहेत. या कठीण काळात मी तुझ्यासोबत आहे. मी ते कितीदा वाचलं कुणास ठाऊक, आणि दर वेळी ‘तुझ्या आईबद्दल’ला येऊन थांबले. मग लिहिलं, अरे, ती तुझीही आई होती. उत्तर आलं, हो ताई, खरंच. मला ती अगदी आईसारखीच होती. पुढे एक मेणबत्ती. मग माणसं यायला लागली, आणि जे करायचं असतं ते सगळं मी एकटीने केलं. सगळ्यांना सांगितलं, तो निघालाय, वाटेत आहे. अजूनही शेजारी विचारतात आणि अजूनही मी तेच सांगते. तुला अजून माहीतच नसेल, आणि तू रोजच्यासारखा कामावर जात असशील, जेवत असशील, हसत असशील, हे मला सहन होईना. म्हणून हे पत्र. हे वाचून झालं की मला फोन कर, स्वतः कर. काय बोलायचं ते सुचायची वाट बघू नकोस. आधी का नाही कळवलंस म्हणून माझ्यावर ओरड, वाट्टेल ते बोल. मी फोन ठेवणार नाही.

तुझीच,
आता एकटीच राहिलेली
ताई